गोळीची पारख

पर्समध्ये मावणाऱ्या पिस्तुलासाठी नवी गोळी बाजारात आली, की म्हातारा ऑर्विल ती आपल्या कोठारात झाडून बघायचा. त्यानं नाक मुरडलं, तर मोंटानातल्या त्या गावात तिला कुत्रंही विचारत नसे. आज सून जोलीन आपणहून गोळी निवडायला आली, म्हणून स्वारी खुशीत होती. शेगडी धगधगत असूनही जोलीननं गळ्याचा मफलर सोडला नव्हता.

"आमचा क्लेटन आठवडा आठवडा ट्रकवर असतो, तू घरात एकटी. घेच तू पिस्तूल, पोरी!" म्हणत ऑर्विलनं मांसाइतक्या घट्ट जेलीच्या ठोकळ्यावर जीन्सचं कापड चार पदरी गुंडाळलं आणि बार उडवला. गोळी कापड फाडून आत घुसली, भूछत्रासारखी फुलली आणि तिथंच थांबली.

"बघ! आरपार जायची नाही, मागच्याला धोका नाही. समोरचा मात्र जागेवर आडवा. आणखी काय हवं?"

जोलीननं ठोकळ्याच्या भोकात बोट घालून पाहिलं.



"बाबा, नाताळात तुम्ही क्लेटनला ते जाड चामड्याचं जॅकेट दिलंत ना... त्यातूनही जाईल का ही?"