वेल्डरकाकांचा चष्मा

"उजवा स्क्रू. डावा लगेच दिसतो," भिंगरी कुजबुजली. "आणि पूर्ण काढू नकोस हं. अर्धाच फेरा सैल कर. मग चष्म्याची काडी आपोआप निखळेल."

शिडीने मान डोलावली. तो इतका उंच होता की दुकानात शिरताना मान झुकवायचा, म्हणून टाचणीने त्याचं नाव शिडी ठेवलं होतं. टाचणी ही भिंगरीची पहिलीपासूनची मैत्रीण. तिची जीभच तशी होती.

भिंगरीच्या आईचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, वर घर. बाबा गेल्यापासून सहा वर्षं आई सगळं एकटीच बघत होती. शिडीचे वडील नदीवरच्या नव्या पुलाच्या कामावर वेल्डर होते. बापलेक दोघंच, एक पूल झाला की दुसऱ्या पुलाकडे निघायचे. हा पूल उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता पुरा होणार होता.

म्हणजे शिडी जाणार.

नुसत्या विचाराने भिंगरीला एका जागी बसवायचं नाही. ती जेवताना उठायची, वाचताना उठायची, जिन्यावरून उगाच तीनदा खालीवर करायची. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिची बडबड शेवटपर्यंत ऐकली होती आणि वर विचारलं होतं, "मग पुढे?"

शनिवारी वेल्डरकाका मोडका चष्मा घेऊन आले. मागून मान झुकवत शिडी.

"तिसऱ्यांदा निखळली हो, बाई. माझा हातच जड दिसतोय."

"बघू," आई म्हणाली. "आलाच आहात तर नंबरही तपासू. तुमच्या कामात डोळ्यांना त्रास फार."

अंधाऱ्या खोलीचं दार लोटलं गेलं. आतून आवाज यायला लागले.

"ही काच बरी की ही?"

"पहिली. नाही, थांबा. परत दाखवता?"

बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं! भिंगरीने आधी शाळेतले सगळे किस्से संपवले, मग घरातले. शिडी ऐकत होता. मधेच तो म्हणाला, "माझ्या सात शाळा झाल्या. मी बॅग कधी पूर्ण रिकामी करत नाही. कशाला करायची?"

"बरोबर आहे."

"इथे केली," तो म्हणाला आणि कपाटातल्या फ्रेमा मोजू लागला.

भिंगरीचे कान असे तापले की तिने ते केसांनी झाकून घेतले.

आता वीस मिनिटं पुरेनात. त्या संध्याकाळी ती आईच्या मागे लागली. "आई, काकांचे डोळे लाल दिसतात गं. दर आठवड्याला बघायला नको?"

आई काच पुसत होती. "बघायला हवेत खरं."

आईला काही पटवायचं म्हणजे एरवी घाम फुटायचा. आपल्याला आता बोलायची कला साधली, अशी भिंगरीची खात्रीच पटली.

पण दर आठवडा म्हणजे उरलेले पाचच आठवडे. मग तिने टाचणीला गाठलं. टाचणीच्या मामाचा लोखंडी फाटकं बनवायचा कारखाना होता.

"मामाला वेल्डर हवाय ना? कायमचा?"

"हवाय. पण तुझ्या शिडीसाठी मी का मामाचं डोकं खाऊ?"

"टाचे, पाया पडते तुझ्या."

"पड. आणि महिनाभर माझी सायकल तू पुसायची."

पुसली. रोज, साखळीसकट. मामा तयार झाला, पण वेल्डरकाकाच अडले. "मला फिरायची सवय झालीय रे," ते शिडीला म्हणाले. "एका जागी राहायचं तर माणसाला काही कारण लागतं."

भिंगरी धापा टाकत दुकानात आली. "आई, तू सांग त्यांना! तुझं ऐकतील. सारखी गावं बदलणं डोळ्यांना वाईट, वगैरे काहीतरी सांग."

"मी सांगू?" आईच्या हातातली फ्रेम तशीच राहिली.

"तूच! आणि घाईत नको. नीट बसून, शांतपणे."

आईने खरंच मनावर घेतलं. दोनदा दुकान लवकर बंद करून ती पुलापर्यंत जाऊन आली. त्या दोन्ही संध्याकाळी भिंगरी आणि शिडी शाळेच्या रिकाम्या मैदानावर फेऱ्या मारत होते आणि टाचणी फाटकाशी पहारा देत होती. दुसऱ्या संध्याकाळी शिडीने तिचा हात धरला. दोघांचेही तळवे घामेजलेले होते आणि पूर्ण एक फेरी कुणीही बोललं नाही. भिंगरीसुद्धा!

"तुझ्या आईला कळलं ना, तर बघ हं," टाचणी म्हणाली.

रविवारी सकाळी वरून हाक आली. "वर ये जरा. बोलायचंय."

भिंगरी वर गेली आणि दारातच थबकली. टेबलाशी वेल्डरकाका बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. बाजूला शिडी. तो वर बघतच नव्हता. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

झालं. पकडले गेलो. कुणीतरी मैदानावर बघितलं.

"बस," आई म्हणाली.

"आई, मी सांगते, त्याची काही चूक नाही, मीच..."

"आधी ऐक. काकांनी टाचणीच्या मामांकडची नोकरी धरलीय. ते पुढच्या पुलावर जात नाहीयेत."

भिंगरीने अशी किंकाळी फोडली की खालची कपाटं थरथरली असावीत. "खरंच? मग घर कुठे बघितलं? जवळच बघा हं, अगदी जवळ!"

"अगदी जवळच आहे," आई म्हणाली आणि तिने वेल्डरकाकांच्या हातावर आपला हात ठेवला. "याच घरात. आमच्या लग्नानंतर ती कोपऱ्यातली खोली ह्याची. आणि हा तुझ्याहून आठ महिन्यांनी मोठा आहे, तेव्हा आजपासून त्याला दादा म्हणायचं."