दोन्ही कानांत आजी

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या एका कानात फक्त आजोबा बोलत आहेत आणि दुसऱ्या कानात फक्त आजी. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दीक्षानं दोन माईक लावून आपल्या आजी-आजोबांची मुलाखत घेतली, ती अशीच स्टिरिओत झाली. पण धोंडीराम आजोबांचा डावा कान चादरीच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटानं कधीच गेलेला. आणि येसूबाई आजी रीतीप्रमाणे बसली होती त्यांच्या डावीकडं, म्हणून तिचा आवाज आला नेमका डाव्याच कानात. हेडफोन लावून मुलाखत ऐकली आणि आजोबा फुगूनच बसले.

"पन्नास वर्सं संसार केला, आन् ही माज्याबद्दल एक शबूद बोलली न्हाई!"

दीक्षानं लगेच संगणकावर स्टिरिओचं मोनो केलं, म्हणजे दोघांचेही आवाज दोन्ही कानांत. आता आजोबांच्या चांगल्या कानात आजी हळूच बोलू लागली, "मानूस सोन्यावानी हाय गं. पर त्येंना सांगू नगंस, लगीच डोक्यावर बसत्याल!"

"पुन्यांदा लाव," आजोबा म्हणाले. मग आणखी एकदा. मग आणखी एकदा.

आजी लाजेनं लाल झाली आणि दीक्षावर खेकसली, "अगं भवाने, त्येंना ऐकू येत न्हाई म्हणून तर बोलले की! आत्ताच्या आत्ता पुसून टाक ते!"

दीक्षा शहाण्या मुलीसारखी "व्हय आजी" म्हणाली.

आणि आजीचं "मानूस सोन्यावानी हाय गं" तेवढंच वाक्य कापून तिनं आजोबांच्या मोबाईलची रिंगटोन केली.