पिवळा ठिपका

प्राप्ती रेवदंड्याच्या घरी संगणकावर प्रमेयांचा नकाशा उघडून बसली होती; त्यात कुणीही भर घालू शके. कोणतं प्रमेय कशावर उभं आहे, हे त्यात बाणांनी कळायचं. तिच्या प्रमेयाखालचे सगळे ठिपके सिद्ध झालेले, हिरवे होते. तळाशी एकच पिवळा होता. नकाशावर तिच्या आधीपासून काम करणाऱ्या परेशदादाने ‘नंतर सिद्ध करू’ म्हणून खरं धरलेलं विधान. तिने ते एका आकड्यावर तपासलं आणि खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खेकड्याचं भोक दिसावं तसं झालं: त्या आकड्याला ते टिकतच नव्हतं.

तिने फोन लावला. “दादा, तुझं ते पिवळं विधान खोटं आहे.”

“ठावं हाय,” तो हळूच म्हणाला. “गप ऱ्हा. एवढं खाली कोन उतरतंय?”

त्या ठिपक्यावर काय काय उभं आहे, ते तिने पाहिलं. अनोळखी माणसांच्या प्रमेयांचं रान माजलं होतं. आणि ती बघत असतानाच कुणीतरी त्यावर आणखी एक हिरवा ठिपका ठेवला.