चौकडीचा शर्ट

बुडापेस्टच्या त्या शाळेत संपावर गेलेल्या एखाद्या शिक्षकाला काढून टाकलं, की स्टाफरूममधल्या त्याच्या रिकाम्या खुर्चीवर त्याच्याच मापाचा चौकडीचा शर्ट चढायचा. संपवाल्यांची खूणच होती ती. एमोके स्वतः संपाच्या वाटेला कधी गेली नाही; पदरात दोन पोरं होती. पण शर्ट आणून चढवायचं काम तिने न सांगता अंगावर घेतलं होतं. तेवढंच मनाला बरं वाटायचं.

आज ती गणिताच्या तिहामेर सरांच्या खुर्चीवर शर्ट बसवत होती, तेवढ्यात वरून नेमलेले नवे मुख्याध्यापक आत आले. तिचे हात जागच्या जागी थिजले.

"अहो, घाबरताय काय एमोकेबाई? चालू द्या तुमचं," ते हसून म्हणाले. जवळ येऊन त्यांनी शर्टाची कॉलरही सरळ केली. "हं. आता कसं शोभून दिसतंय."

एमोकेचा जीव भांड्यात पडला. लोक म्हणतात तेवढा काही हा माणूस वाईट नाही.

जाता जाता ते दाराशी थांबले.

"बाई, तुम्हाला कुठल्या मापाचा लागतो?"