पेन्सिलने लिहिलेला वार

"बाई, इथे वार चुकलाय," तो म्हणाला.

नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी चष्मा सारखा केला. अकस्मात मृत्यूची चौकशी संपली, की नोंद खरं तर कागदांवरून परस्पर होते. घरच्यांना कोणी विचारत नाही. पण या बाई हट्टी. आधी पेन्सिलने लिहायचं, घरच्यांना बोलावून दाखवायचं, मगच शाई. वरिष्ठांनी यावरून दोनदा कानउघाडणी केली होती. बाईंनी ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली.

शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. आई गेल्यापासून, सात महिने, ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आई एकटी राहायची. रविवारी दुपारी तो तिच्याकडे जाऊन आला होता, म्हणून सोमवारी तिच्याकडे जायची पाळी त्याचीच असूनही त्याने कंटाळा केला. मंगळवारी शेजाऱ्यांनी दार तोडलं, तेव्हा आई स्वयंपाकघरात जमिनीवर होती. ती दोन दिवस हाका मारत पडली असेल, या विचाराने बहिणीची झोप उडाली होती. झोप त्याचीही उडाली होती, पण ते सांगायला त्याला तोंड नव्हतं.

पेन्सिलने लिहिलं होतं, मंगळवार.

"तो सापडल्याचा वार आहे," तो म्हणाला. "निष्कर्ष शेवटच्या पानावर आहे."

चौकशीच्या निकालाचा लिफाफा बहिणीने उघडलाच नव्हता. त्याने स्वतःला आलेला वाचला होता, पण सांगावं, तर अंग झटकतोय असं तिला वाटलं असतं.

बाईंनी शेवटचं पान काढून सावकाश वाचलं. रविवार, संध्याकाळ. हृदय एकाएकी बंद पडलं. जमिनीवर पडण्याआधीच शुद्ध गेली होती.

बहिणीने पान मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि मग मनसोक्त रडली. तिने बाईंचा हात धरला तो सोडेचना. चूक आपलीच होती, तुम्ही आलात म्हणून निस्तरली, असं बाई पुन्हापुन्हा सांगत होत्या.

मग त्यांनी मंगळवार खोडला, रविवार लिहिला आणि वर शाई फिरवली. माहिती देणाऱ्याची सही हवी होती. त्याने पेन बहिणीपुढे सरकवलं, मोठी तीच.

बहिणीने ते परत त्याच्या हातात दिलं.

"तू कर. तिला शेवटचं भेटलास तू," ती म्हणाली. "आणि काय काय बोलली, ते घरी जाताना मला सगळं सांग."