दुसऱ्या काठीचा मालक

सुज्ञ वाचकहो, एका गोड्या पाण्याच्या तळ्यावर नियमाचे पालन कसे करण्यात आले व त्यातून काय निष्पन्न झाले, त्याचे यथातथ्य निवेदन खाली सादर करीत आहे. तरी ते शांत चित्ताने वाचावे, ही नम्र विनंती.

"काठी काढा," राखणदार म्हणाला.

शिंप्याने हातातली गळाची काठी पाण्याबाहेर काढली.

"ती नव्हे. दुसरी."

तळ्याच्या फाटकापाशी नियमांचा हिरवा फलक उभा होता. वीतभराहून लहान मासा पुन्हा पाण्यात सोडावा. जाळे टाकू नये. विणीच्या हंगामात मासेमारी बंद राहील. कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांस मासेमारीस मनाई आहे. एका परवान्यावर एकच काठी. जिचा मालक हजर नाही अशी काठी पाण्यात आढळल्यास दोनदा समज देण्यात येईल व तिसऱ्या वेळी परवाना कायमचा रद्द होईल. परवाना नसलेल्यास फाटकाच्या आत प्रवेश नव्हता.

शिंपी हा फलक जाणून होता. तथापि मागील रविवारपासून तो दोन काठ्या घेऊन येऊ लागला होता. एक तो स्वतः धरी. दुसरी दगडांच्या फटीत रोवून, गळाला पिठाची गोळी लावून पाण्यात सोडी आणि तिच्यामागे एक रिकामी घडीची खुर्ची मांडी.

"कोणाची आहे ही?" राखणदाराने विचारले.

"मालक यायचाय तिचा."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात."

"मागच्या रविवारी तो आला नाही, त्याला मी काय करणार?"

"तुम्हाला नियम माहीत आहे."

"तुम्हालाही माहीत आहे. काढा तुम्हीच."

चहाच्या टपरीवरची मावशी खो खो हसली. "अहो शिंपीबुवा, त्या खुर्चीचा तरी परवाना काढा! आणि राखणदार, तुम्ही जरा हळू ओरडा. माझं नवऱ्याशी एवढं भांडण होत नाही. मासे पळून जातील!"

राखणदाराने खाली वाकून रीळ फिरवले. ते अडले. त्याने अंगठ्याने खालच्या बाजूस एक टिचकी मारली, तेव्हा ते सुरळीत फिरू लागले. दोरा नीट गुंडाळून त्याने काठी खुर्चीवर आडवी ठेवली.

"ही दुसरी समज," तो म्हणाला व टपरीकडे निघून गेला.

मावशीने त्याच्यापुढे पेला सरकवला. "जाऊ द्या हो. गेलेल्या बायकोची खुर्ची असेल. माणूस मन रमवतो."

"त्यांची बायको घरी ठणठणीत आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

राखणदाराने चहावर फुंकर घातली.

पुढील रविवारी वरिष्ठ साहेब तपासणीस येणार, ही बातमी फाटकापाशीच सर्वांना कळली. मावशी लगबगीने काठावर आली.

"शिंपीबुवा, ऐका माझं. आजच्या दिवस ती काठी झाकून ठेवा. परवाना गेला तर इथं पाऊल ठेवता येणार नाही तुम्हाला."

"झाकली तर मालकाला दिसणार कशी?"

"मासा एक धरता येत नाही आणि हट्ट बघा!"

शिंपी हसला आणि गोळी मळू लागला. त्या काठावर येण्याचे त्याच्यापाशी दुसरे कोणतेही निमित्त नव्हते. त्याने दुसरी काठी पाण्यात सोडली, खुर्ची उघडली आणि तिच्यावर पडलेली धूळ रुमालाने पुसली.

दुपार होण्याच्या सुमारास साहेब राखणदारासह तेथे आले.

"काठ्या दोन, माणूस एक. हे काय आहे?"

"नियमभंग आहे, साहेब," राखणदार म्हणाला.

"समज दिलीत?"

"दोनदा."

"मग वाट कसली बघताय? परवाना घ्या त्यांचा."

राखणदाराने मनगटावरील घड्याळ पाहिले. "जरा थांबू या साहेब. माझी पाळी संपतच आलीय."

"म्हणजे वाईटपणा पुढच्या माणसाच्या माथी? तुम्हाला नोकरी करायची आहे की नाही?"

"करायची आहे, साहेब. पण जरा थांबू या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. तेव्हा शिंप्यानेच खिशातून परवाना काढून पुढे केला.

"घ्या साहेब. त्यांना बोलू नका. पण काठी मी काढणार नाही. ज्याची आहे त्यानं काढावी."

साहेबांनी परवाना हाती घेतला. तोच फाटकाची घंटा वाजली आणि दुपारच्या पाळीचा राखणदार पान चघळत सावकाश येऊन उभा राहिला. सकाळच्या राखणदाराने गळ्यातील शिट्टी व डोक्यावरील टोपी उतरवून त्याच्या स्वाधीन केली. नंतर सदऱ्याच्या खिशातून त्याने एक कोरा करकरीत परवाना काढला व तो साहेबांपुढे धरला.

साहेबांनी त्यावरील नाव वाचले. मग हातातील दुसऱ्या परवान्यावरील नाव वाचले. मग दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिले आणि शिंप्याचा परवाना त्याला परत दिला.

राखणदार खुर्चीवर बसला. काठी त्याने हातात घेतली. नंतर मान न वळवता म्हणाला,

"आईनं विचारलंय, दादा, आज तरी घरी जेवायला येतोस का?"

येथे निवेदन संपले. शांत चित्ताने वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
दादा शिंपी