साहेबांची दोन मिनिटं

“धाकट्याच्या तोंडाला माझा मास्क लागू देऊ नकोस. तेवढं बघ.”

इस्पितळाच्या खाटेवरून नवरा एवढंच बोलला होता, तेही मध्ये थांबून, दम खाऊन. तिने त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. आणि आज बंबखान्याच्या अंगणात, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून ती त्याची श्रद्धांजली ऐकत असताना तो मास्क समोरच्याच भिंतीला खुंटीवर लटकत होता. खुंटीवरचं थोरल्याचं नाव पुसून तिथे धाकट्याचं, तिच्या दिराचं, नाव आलं होतं. बंबखान्यातून माणसं निवृत्त व्हायची, मास्क व्हायचे नाहीत. दिराची पाळी आज संध्याकाळपासून सुरू होणार होती.

आमदारसाहेब बोलत होते. बोलण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता.

“हा नुसता जवान नव्हता,” साहेबांचा आवाज जड झाला, “माझा सख्खा भाऊ होता!” खिशातून रुमाल निघाला, डोळ्यांपर्यंत गेला आणि कोरडाच्या कोरडा परत आला.

“आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,” मागच्या रांगेतून एक जवान पुटपुटला, “पण साहेबांचं पुष्पचक्र आजवर कधी उशिरा आलंय का?”

शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं.

हे भाषण तिने काल एकदा ऐकलं होतं. सभागृहात. साहेबांनी मुद्दाम गाडी पाठवून तिला वरच्या गॅलरीत आणून बसवलं होतं. तिथेही सख्खा भाऊ होता, तिथेही रुमाल होता. मग सगळं सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. साहेब सगळ्यांच्या आधी उठले आणि सगळ्यांच्या शेवटी बसले. तिला गहिवरून आलं. नवऱ्याला दिलेला शब्द आता पाळला जाणार, असं तिला वाटलं, कारण पुढचाच ठराव बंबखान्यांना नवे मास्क देण्याचा होता.

“ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं,” अध्यक्ष म्हणाले.

साहेब बसून राहिले. एवढा वेळ उभे होते, पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे, असं तिला क्षणभर खरोखर वाटलं. मग अध्यक्षांनी विरोधातल्यांना उठायला सांगितलं आणि साहेब ताडकन उठले. पाय धडधाकट होते. ठराव पडला.

बाहेर आल्यावर तिने साहेबांच्या स्वीय सहायकाला गाठलं. “अहो, आत्ताच तर साहेब यांच्यासाठी रडले ना?”

“वहिनी, तुमची गल्लत होतेय,” तो अगदी समजुतीने म्हणाला. “ते श्रद्धांजलीचं होतं. हे खर्चाचं होतं.”

घरी येऊन तिने दिराला सांगितलं, तर तो हसला. “चालायचंच, वहिनी. त्या मास्कचं रबर गेलंय. सैल ठेवला तर धूर शिरतो, आवळला तर श्वास कोंडतो. मी आपला मधेच कुठेतरी बांधेन.”

रात्रभर तिच्या मनातून ते हसणं गेलं नाही.

“वहिनी...” तोच सहायक आता वाकून तिच्या कानाशी आला होता. त्याच्या हातात फोटोंचा गठ्ठा होता. सगळ्यात वर तिचा दीर होता. गणवेशातला, भांग पाडलेला, गालात हसणारा. “सगळ्या जवानांचे फोटो जमा केलेत. तुमच्या दिरांना मुलं किती, तेवढं सांगता का?”

“सत्कार आहे का मुलांचा?” तिच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा जीव आला.

“छे हो. तुमच्या वेळी फार धावपळ झाली. यजमानांचा एक धड फोटो मिळेना. शेवटी तुम्हां दोघांचा होता, तोच कापून लावला. साहेब रागावले. म्हणाले, पुढच्या वेळी आधीपासून तयारी हवी.”

तिने मंचाकडे पाहिलं. चौकटीत नवरा एकटाच होता. त्याच्या खांद्यावर, फोटोच्या अगदी कडेला, तिची चार बोटं तेवढी उरली होती.

“मुलं किती म्हणालात?” सहायकाने पेन उघडलं.

तिने नजर मंचावरून भिंतीवरच्या खुंटीकडे वळवली.

“आता आपण सगळे,” मंचावर साहेबांनी दोन्ही हात पसरले, “आपल्या या शूर बांधवासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या!”

खुर्च्या करकरल्या. अंगण उभं राहिलं. साहेबांनी डोळे मिटून मान खाली घातली. समोर फोटो काढणारे होते, त्यामुळे मान नेमकी हवी तेवढीच झुकली.

तीही उठली, पण थांबली नाही. चालत भिंतीपाशी गेली आणि तिने खुंटीवरचा मास्क काढला. काचेवरची काजळी पदराने पुसली. मग पट्ट्याचा चाप शेवटच्या भोकापर्यंत सरकवून घट्ट केला.

रांगेत उभा असलेला दीर ओठ न हलवता कुजबुजला, “वहिनी, अहो कुठे निघालात? ही दोन मिनिटं संपेपर्यंत हलायचं नसतं!”

“माहीत आहे, भाऊजी. साहेबांनाही हलता यायचं नाही.”

“पण तो माझा मास्क...”

“तुमच्या तोंडाला हा लागू द्यायचा नाही, असा शब्द दिलाय मी यांना,” ती हळू आवाजात म्हणाली. “साहेबांच्या तोंडाबद्दल ते काही बोलले नव्हते.”

आणि मास्क दोन्ही हातांत धरून, पायाचा आवाज न करता, ती मंचाच्या पायऱ्या चढू लागली.